यामिनीची जागा

माझी यामिनी होती तोवर जावई चारचौघांत म्हणे, "कमावतो मी एकटा, ही घरी बसून खाते."

तिच्या तेरवीलेच त्या घरात कामाच्या बाया ठरवणं सुरू झालं. स्वयंपाकाले एक, लेकरू सांभाळाले एक, अंथरुणावर पडलेल्या सासूचं कराले एक. जावई कपाळाले हात लावून म्हणे, "एवढ्या बाया लावल्या तं माहा पगार पुरत नाई."

मी म्हटलं, "काऊन जावईबापू? माही पोरगी तं बसूनच खाये न?"

पंगतीत वाढणाऱ्या माझ्या धाकट्या सोनमकडे विहीण अंथरुणातून पाहून राह्यली होती. ती म्हणे,

"विहीणबाई, बाहेरच्या बाया काऊन पाहाच्या? तुमच्या सोनमचं तं लगन व्हाचंच हाये."