खांद्यातली गाठ

"मुद्दाम नाही मारलं, दादा," असं धाकट्या लहूचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली, तरी धोंडिरामने उत्तर दिलं नव्हतं. होडीवरच्या भांडणात लहूने ज्यावर वल्हं हाणलं, तो खांदा अजून ठणकत होता. अंधेरीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट चेतनाने आखडलेला स्नायू सुटावा म्हणून खांद्यातल्या गाठीत लांब सुई खुपसली. "अंग चोरू नका, काका." तिने सुई फिरवताच स्नायू माशासारखा तडफडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि धोंडिरामचा दुसरा हात फाडकन तिच्या तोंडावर बसला. तिचा ओठ फुटला. सुई खांद्यात थरथरत राहिली. "मुद्दाम नाही मारलं, पोरी," तो पुटपुटला आणि स्वतःच दचकला. चेतनाने रक्त पुसलं. "कळलं हो, काका. बसा सरळ, अजून दोन सुया आहेत." घरी जाताना त्याने पोस्टकार्ड घेतलं, उभ्यानेच "कळलं रे. घरी ये," लिहिलं आणि पेटीत टाकलं.