कोरी प्लेट

"ताई, वास येतोय का?" मामांनी विचारलं.

तिने उबेच्या कपाटाच्या फटीला नाक लावलं. "नाही."

"मग उघडा की."

तिचा हात पुढे होईना. बुरशी वाढवायच्या या कपाटात दहा दिवस चार प्लेटा होत्या, तळाशी जेलीचा थर असलेल्या झाकणाच्या चपट्या डब्या. चारींत एकच बुरशी पेरलेली, मामांच्या उजव्या तळव्यावरच्या गजकर्णाची. मामा लॅबमधले मदतनीस, काचेची भांडी धुवायचे, हात सदा ओला. सहा वर्षांत मलमं झाली, गोळ्या झाल्या, गजकर्ण जागचं हलत नव्हतं. एका प्लेटीत तिने बुरशीशिवाय काहीच घातलं नव्हतं, ती कोरी. एकीत नुसतं औषध, एकीत नुसतं थेंबभर गवती चहाचं तेल, चौथीत दोन्ही. औषध एकटं हरतंय, तेलाची जोड मिळाली तर ते जिंकेल, असं तिचं म्हणणं.

तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर हाताची घडी घालून मागे उभे होते. याआधी तीनदा चारही प्लेटा स्वच्छ निघाल्या होत्या, कोरीसुद्धा. काही न घालताच बुरशी मरत असेल, तर औषधाचं कौतुक कसलं? सरांनी तिन्ही वेळा झाकणावर लाल पेनने 'रद्द' लिहिलं आणि शेवटी सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला कोरी प्लेट उगवली नाही तर विषय बंद.

चोर सापडला तो मामांच्या नॅपकिनमुळे. मामा सरांचा डोळा चुकवून तो याच कपाटात वाळत टाकायचे. सरांना हे अजून माहीत नाही. एक दिवस मामांच्या बायकोने नॅपकिन हुंगून विचारलं, लॅबमध्ये दिवसभर गवती चहाच ढोसता का? मामांनी ते हसत हसत ताईला सांगितलं. ताई हसलीच नाही, तडक कपाटाशी गेली. खालच्या फळीवर तेलाची भरलेली बाटली, तिनेच ठेवलेली, बूच सैल. उबेने तेल उडत होतं आणि न मागता सगळ्या प्लेटांना लागत होतं. तिने बाटली बाहेर नेली, कपाट पुसलं आणि या खेपेला प्रत्येक प्लेट चिकटपट्टीने बंद केली.

"उघड आता," सर म्हणाले. "पिल्लं बाहेर यायची वाट बघतेस का?"

तिने उघडलं आणि आधी कोरी प्लेट काढली. काठोकाठ बुरशी, पांढरी, कापसासारखी फुगलेली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"माझं गजकर्ण वाढलं म्हणून आनंदाने रडणारं माणूस जन्मात पहिल्यांदा बघतोय," मामा म्हणाले.

औषधाची प्लेटही भरलेली होती. औषधाला बुरशीने भीक घातली नव्हती. तेलाची जरा विरळ, पण उगवलेली. चौथी तिने काढली आणि न बघताच सरांच्या हातात दिली.

सर ती खिडकीशी घेऊन गेले. भिंग लावलं, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग खिशातून लाल पेन काढलं. सरांनी झाकणाच्या कडेला तारीख घातली आणि खाली स्वतःची सही केली.

"एक ठिपका नाही," ते म्हणाले. "जिंकलीस."

पण लगेच सर पुन्हा सर झाले. "अजून दोनदा करून दाखवायचं. आणि मामा, प्लेट म्हणजे हात नव्हे. तेल चोरून लावलंत तर कातडी भाजेल."

"नाही लावत," मामा म्हणाले. सहा वर्षं चारचौघांत खिशातच राहिलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढला आणि तळवा पसरला. "जरा ठेवा इथे."

सरांनी चौथी प्लेट त्यावर ठेवली. आतली जेली इतकी नितळ होती, की तळव्याची रेघ न् रेघ दिसत होती आणि रेघांमधले लाल, खवलेदार चट्टेही.

मामा बघत राहिले.

"वरचं झालं," ते म्हणाले. "आता खालचं."