मागची फळी

टिंगाटिंगा बैलाचा मागचा पाय थरथरला, तसा त्याचा मालक लिहांडा पुढे सरकला. पाय घसरला असेल, असं त्यानं मनाला समजावलं. मैदानात चिखल होता. पण पाय पुन्हा थरथरला, आणि या वेळी तो चिखलात नव्हता.

दोन्ही बैलांची शिंगं एकमेकांत अडकली होती. समोरचा बैल म्हणजे मुकाब्वाचा रेली. काळा, आखूड मानेचा, टिंगाटिंगापेक्षा अंगानं भारी. दोघांच्याही नाकपुड्यांतून फेस गळत होता. टिंगाटिंगाच्या मानेवरून रक्ताचा ओघळ खांद्यापर्यंत आला होता. एवढा वेळ झुंज कधी चालत नसे. एक बैल पाठ फिरवून पळायचा, लोक नाचत गावाकडे निघायचे, संपलं. आज कुणीच पळत नव्हतं. ढोलवाल्यांचे हात दुखायला आले, तरी ढोल थांबले नव्हते.

टिंगाटिंगाला लिहांडानं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. गाय व्याल्यावर गेली, तेव्हा बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. पुढे ऊस, मळी, मक्याचा कोवळा पाला. आजवर तो एकदाही पळाला नव्हता. काकामेगाच्या बाजारात लिहांडाला लोक नावानं ओळखत नसत, ‘टिंगाटिंगाचा बाप’ म्हणत. तोही छाती फुगवून सांगायचा, माझ्या बैलाला पळणं ठाऊकच नाही.

शेजारी त्याचा चुलता शिकामी उभा होता. लिहांडाच्या बापाच्या वेळेपासून घरच्या बैलांची झुंज तोच लावत आला होता.

“काका, दमलाय तो. सोडवू या,” लिहांडा म्हणाला.

“दमलाय तो समोरचा. आपला बघ, वीतभर तरी मागे सरतोय का? सिंह आहे.”

“सरणार कुठं? मागं माणसं आहेत.”

“मग? ती काय आपोआप उभी राहिली?” शिकामी हसला. “झुंज लागली की मागची फळी दाट करायची, हेच तर माझं काम. बैलाला वाट दिसली की बैल बिघडतो.”

लिहांडानं बैलाच्या मागे पाहिलं. खांद्याला खांदा लावून त्याचीच माणसं उभी होती. शेजारी, मेव्हणा, चर्चच्या गायनातले सोबती. सगळ्यांच्या हातांत काठ्या. टिंगाटिंगा मागे रेटला गेला की काठ्या त्याच्या पुठ्ठ्यावर बसत.

रेलीनं मुसंडी मारली. टिंगाटिंगाची मान वाकडी झाली आणि त्याचा डोळा लिहांडाला दिसला. पांढरा झालेला डोळा डावीकडे फिरला, उजवीकडे फिरला, पुन्हा डावीकडे. प्रत्येक झुंजीत तो असाच फिरायचा. लिहांडाला वाटायचं, बैल रागानं पेटलाय. बाजारात तो त्या डोळ्याची नक्कलसुद्धा करून दाखवायचा. आज त्याला कळलं की बैल काय शोधत होता.

तो फळीकडे धावला.

“सरका,” तो म्हणाला. ढोलांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. “सरका म्हणतो ना.”

“वेडा झालास का?” मेव्हण्यानं त्याचा दंड धरला. “पळेल तो.”

“पळू दे.”

लिहांडानं हातातली काठी आडवी धरली आणि माणसं रेटायला लागला. कुणी शिवी घातली, कुणी त्याला परत आत ढकललं. “मालकच वाट करून देतोय बघा,” एक म्हातारा ओरडला. “घरी जा आणि कोंबड्या झुंजव.” लोक हसले. लिहांडाचे कान तापले, पण त्यानं काठी सोडली नाही. दोन माणसं पडली, तिसरा बाजूला झाला, आणि फळीत खिंडार पडलं.

टिंगाटिंगानं शिंगं हिसकली. गर्रकन वळला आणि लिहांडाच्या अंगाला घासून बाहेर पडला. त्याच्यामागे रेली उधळला. रेलीच्या बाजूनं एकच आरोळी उठली. लोक मुकाब्वाला खांद्यावर घ्यायला धावले.

लिहांडा बैलांच्या मागे पळत सुटला. जिंकलेला बैल पाठलाग करतो आणि पळणाऱ्याच्या पोटात मागून शिंग घालतो, हे त्यानं पाहिलं होतं. उसाचं रान ओलांडलं, चहाचा मळा ओलांडला. कुठंतरी बैल हंबरेल म्हणून तो कान देऊन पळत होता. काहीच ऐकू येत नव्हतं.

ओढ्याच्या काठावर तो थांबला.

दोन्ही बैल गुडघाभर पाण्यात उभे होते. अंगाला अंग लागलेलं. माना खाली घालून पाणी पीत होते.

मागून मुकाब्वा धापा टाकत आला. लोकांच्या हातांतून सुटून आला असावा, सदऱ्याची बाही फाटली होती. बैलांकडे बघत तो काठावर बसला.

“जा वर,” लिहांडा म्हणाला. “जिंकलास तू. लोक वाट बघत असतील. तुझ्या बैलानं माझ्याला ओढ्यापर्यंत हाकललं.”

मुकाब्वानं मान हलवली.

“हाकललं कसलं?” तो हळूच म्हणाला. “माझी माणसं जागची हलली नाहीत, म्हणून माझाही बैल तू करून दिलेल्या वाटेनं पळाला.”