काडी न लावलेलं वावर

बाबांनी उभ्या आयुष्यात वावरात काडी लावली नाही. कपाशीची पऱ्हाटी, वेचणीनंतरची वाळली झाडं, जाळण्याऐवजी तोडून मातीत गाडत, तेव्हा शेजारी विचारत, “भगवंतराव, मातीचं लोणचं घालून राहिले काय?” तरी दरवर्षी तपासणीत मातीतला कर्ब, म्हणजे तिचा कसच, घटलेला निघे. “माहंच कुठं चुकून राहिलं,” म्हणतच बाबा गेले. तेरवीनंतर मी अकोल्याच्या प्रयोगशाळेत शेवटचा अहवाल घ्यायला गेले. कर्ब आणखी घटला होता. खाली शेरा: ‘शेतकऱ्याने कर्ब जाळला.’ “त्यांनी कधीच काही जाळलं नाही,” मी म्हणाले. प्रयोगशाळेतले साहेब ओशाळले. “ताई, दरसाल ऊन वाढतंय. तापल्या मातीतले जिवाणूच कर्ब संपवतात, तो हवेत जातो. वडिलांचा दोष नाही.” “हे त्यांना काहून नाही सांगितलं?” “ठरलेल्या शेऱ्यांच्या यादीत उन्हाचं नावच नाही; सगळ्यांना हेच छापून देतो.” मी अहवाल पुढे सरकवला. “‘कर्ब जाळला’ राहू द्या. फक्त ‘शेतकऱ्याने’ खोडा.”