पडद्याआडची शेवटची बाई

निजामी जाऊन आठ-दहा वर्षं झाली, तालुक्याला सरकारी दवाखाना आला, तरी अणदूरच्या बाया दुखणं घेऊन बाबामियाँ हकीमांकडंच यायच्या. मागच्या दारानं येऊन पडद्याआड बसायच्या. हकीमांची बायको खैरुनबी त्यांना हातानं तपासायची आणि पडद्याबाहेर बसलेल्या हकीमांना सांगायची. औषध बहुतेक वेळा एकच, ओढ्याकाठच्या रानपुदिन्याचं तेल. ते भट्टीवर तीच काढायची, त्यामुळं तिच्या अंगाला कायम पुदिन्याचाच वास.

त्या दिवशी बायांची रीघ संपली. हकीम गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, तेवढ्यात पडदा हलला.

"आणखी एक हाय," खैरुनबी आतून म्हणाली. "छातीत गाठ हाय, दगडावानी. वर्षभर आपलं तेलच लावतीया. आता फुटली."

हकीम परत खाली बसले. गोड बोलून धीर द्यायचं त्राण आज उरलं नव्हतं.

"तेलानं जखम सडायची न्हाय, वास यायचा न्हाय. पण गाठ जात न्हाय, खैरुन. लई उशीर केला तिनं. आधी का दाखवली न्हाय?"

"सवड झाली न्हाय तिला."

हकीमांनी डोळे मिटले. "तिच्या घरच्यांना सांगून टाक. त्यांना अंधारात ठेवू नको."




"सांगितलं की," खैरुनबी म्हणाली. "आत्ताच, तुमाला."