सुनेचं पाऊल

पूर्णेच्या रेल्वे यार्डातला इंजिनाचा कोळसा पळवून भुजंग अख्ख्या गल्लीच्या चुली पेटवायचा, आणि उरलेला विकून स्वतःचीही. यार्डामागच्या चिंचेवरच्या हडळीवर, सुलावर, त्याचा जीव जडला तेव्हा दोघांत करार झाला: तिनं माणसं झपाटायची नाहीत, त्यानं चोरी करायची नाही. चोरी सोडल्याचं त्यानं घरीही सांगून टाकलं.

"पोरीचं पाऊल कधी वाकडं पडलं न्हाई ना?" सोयरीक ठरवताना बायनाबाईनं लेकाला विचारलं होतं.

"वाकडं न्हाई पडलं, माय," भुजंग म्हणाला. आणि ते काही खोटं नव्हतं. सुलाचे पाय उलटे होते.

लग्नभर ते लुगड्याच्या काठाखाली झाकले. पण उंबरठ्यावर सासूनं कुंकवाच्या पाण्याची परात ठेवली आणि सुला दारातच थबकली. चिंच तर सोडली, आता हे घरही जायचं? भुजंगनं तिचा हात घट्ट धरला. माप ओलांडून, परातीत पाय बुडवून ती देवघरापर्यंत चालत गेली. मागं वळून बघते तर लालभडक पावलं देवघराकडून दाराकडं निघालेली!

बायनाबाई ती पावलं बघतच राहिली. मग तिनं दाराला कडी घातली आणि सुनेवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

"भुजंग्या, मागच्या खेपेला पोलिसानं तुला यार्डाच्या राखेतल्या पावलांवरूनच धरलं व्हतं ना?"

"व्हय, माय."

"मग आता चोरी कामून सोडायलास, येड्या? उद्यापासून सूनबाईच्या पाठकुळी बसून जात जा."