अर्धी भाकरी

पलटणीतला नाथाजी दोन महिन्यांच्या रजेवर कुंडलला आला, तो पोट पुढं घेऊनच. सहा किलो उतरला नाहीस तर बढती विसर, असं साहेबानं बजावलं होतं. "उद्यापास्नं येळेला अर्धीच भाकरी वाढायची!" त्यानं बायकोला, राहीबाईला, हुकूम सोडला आणि पहाटे पळायला सुटला. चौथ्या दिवशी उसाच्या बांधावर घेरी येऊन पडला, तरी गड्याचा हेका सुटेना.

राहीबाईनं वाद घातला नाही. शेजारच्या अख्तरबीकडनं लग्नकार्यातला थोरला तवा मागून आणला. त्यावरची अर्धी भाकरी घरच्या अख्ख्या भाकरीहून मोठी व्हायची. नाथाजी पाच-पाच मैल पळू लागला. रजा सरायच्या आत गुऱ्हाळावरच्या ढेपांच्या काट्यानं सहा किलो कमी दाखवले.

"निस्त्या अर्ध्या भाकरीवर!" तो पारावर छाती ठोकून सांगायचा, आणि राहीबाई पदराआड हसायची.

निघायच्या दिवशी एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवून तो हळूच तिच्याकडं वाकला.

"अख्तरभाबीस्नी सांगून ठेव, पुढल्या रजेलाबी त्यो थोरला तवा लागंल म्हणावं."